गाडीच्या तळातलं पोतं

आईनं काठी टेकली आणि ती गाडीतून आरपार जाऊन खाली भुईला लागली.

मी दार धरून उभा होतो. आई पुढच्या सीटवर, एक पाय आत आणि एक बाहेर. नीट सरकून बसायला आधार हवा म्हणून तिनं पायाखालच्या रबरी मॅटवर काठी रोवली. कुरकुर असा आवाज झाला, कुजलेली मॅट फाटली आणि काठी वीतभर खाली गेली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. म्हणाली, "लेका, ह्या गाडीला भुई हाय का न्हाई?"

नव्हती. मॅट ओढून काढली तर खाली पत्र्याची चाळण झालेली. जिथं बोट लावावं तिथं पापडासारखा मोडत होता. पुढची डावी बाजू तर पार गेलेली, आणि मागच्या सीटच्या पायांशीही तीच गत.

गाडी वडलांची. पांढरी अँबॅसिडर, आता पिवळट पडलेली. वडील मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले, पण त्यांनी काठी टाकून स्टिअरिंग धरलं आणि कवठे महांकाळच्या आसपासच्या गावांत ही गाडी भाड्यानं चालवली. ते गेल्यावर आई आणि गाडी दोघी माझ्याकडं कराडजवळच्या मलकापूरला आल्या. माझं ग्रिल-गेटचं दुकान आहे, त्याच्यामागं शेडात गाडी उभी राहिली. इंजिन मी चालू ठेवलं होतं. दसऱ्याला हार घालायचा, एक चक्कर मारायची, पुसून चकाचक करून ठेवायची. पण खाली वाकून कधी बघितलं नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा, अशातली गत.

त्या दिवशी गाडी काढायचं कारण मावशी. आईची थोरली बहीण. कवठे महांकाळच्या अलीकडं माळावरच्या एका गावात तिला दिली होती, वडलांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. दोघी बहिणींनी जन्मभर एकमेकींच्या सोप्यात बसून जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवल्या. आता मावशी खाटेला लागली होती. तिच्या सुनेचा फोन आला, "आत्याबाई जेवत न्हाईत. रोज सकाळी इचारत्यात, धाकली आली का म्हणून." चैत्र संपून वैशाख लागला होता. मावशी हा उन्हाळा काढेल का, हे फोनवर कुणी बोललं नाही, पण ऐकणाऱ्याला कळत होतं.

म्हणाल, मग न्यायचं की दुसऱ्या गाडीनं. नेलं होतं. पुतण्याची नवी गाडी, काचा बंद, आत थंडगार. शेणोली यायच्या आत आईला तीनदा उलटी झाली. त्या गाडीचा वास तिच्या डोक्यात जातो. शिवाय सीट इतकी खाली की गुडघे छातीला लागतात. घामाघूम होऊन थरथरायला लागली तशी गाडी वळवून परत आणली. दोन दिवस ती अंथरुणात होती. तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि म्हणाली, "मला त्येंच्या गाडीतनं न्या. तीत मला कवाच मळमळलं न्हाई." खरंच होतं ते. अँबॅसिडरची सीट सोफ्यासारखी सरळ आणि उंच, काचा उघड्या, वारा भरपूर. आणि तिथं भुई नव्हती.

आता माझं ऐका. मी तीस-पस्तीस वर्षं वेल्डिंग करतोय. अर्ध्या मलकापुरातल्या खिडक्यांना माझे गज आहेत. मला वाटलं, हे काय, दोन तासांचं काम. बायको म्हणाली, "आवं, पत्र्याच्या मिस्त्रीला दाखवा की." मी म्हटलं, "मला शिकवू नको." माझं डोकं लवकर तापतं. बायको म्हणते, मशिनला तरी बटण दाबावं लागतं.

एक नवा पत्रा कापला, भोकावर ठेवला आणि बारीक रॉड लावून सरळ रेघ ओढायला घेतली. गेटच्या चौकटीला ओढतो तशी. हातभर गेलो नाही तोवर खालचा जुना पत्रा वितळून खाली पडला. एक भोक बुजवायला गेलो, तीन झाली. नवा पत्रा गरम होऊन मधोमध फुगला, पाय ठेवला की डबडब वाजायचा. तरी मी थांबलो नाही. थांबेल तो मी कसला. मग खालून काळा धूर यायला लागला. पत्र्याला कधीकाळी कुणीतरी डांबर फासलेलं, ते पेटलं होतं. बायकोनं शांतपणे बादली उचलली आणि गाडीत ओतली. निम्मी गाडीवर, निम्मी माझ्यावर.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ओल्या कपड्यांनी तिथंच बसलो. आई दारातून बघत होती. मग ती आत गेली आणि अर्धवट शिवलेली वाकळ घेऊन बसली. ती वाकळ मावशीसाठी होती.

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून मिस्त्रीकडं गेलो. कराडच्या नाक्याजवळ त्यांचं पत्रेकामाचं दुकान. सत्तरीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. उमेदीची वर्षं साखर कारखान्याच्या वर्कशॉपात घालवलेली. गाडी हलवण्यासारखी नव्हती, म्हणून तेच छोट्या टेम्पोत सीओटू वेल्डिंगचं मशिन घालून शेडात आले. माझं काम बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे कुणी केलं?"

"मीच."

"गेट जोडायचा हात घिऊन पत्र्यावर गेलायसा," ते म्हणाले. "गेटाला ताकद लागती. पत्र्याला सबुरी लागती. तुमच्याकडं पयली हाय."

दुसरं कुणी असतं तर मी उलटून बोललो असतो. पण मावशीचा चेहरा डोळ्यांपुढं होता. मी विचारलं, "किती दिवस?"

"बघू. सडलेलं सगळं काढल्याबिगर सांगता येत न्हाई. गाडी कुठं हुती आजवर?"

"कवठे महांकाळकडं."

ते थांबले. "ही कृष्णाकाठची गाडी असती तर मी समजलो असतो. तुमच्या माळावर पाऊस पडतोयच किती? तिकडच्या गाड्या उन्हानं फाटत्यात, पर खालनं सडत न्हाईत. ही खालनं सडली. आन् सडलीय ती आतनं. म्हंजे पाणी वरनं सांडलंय. रोज सांडलंय."

पुढचे दोन दिवस नुसतं खरवडणं. सीट काढल्या, बॅटरी काढली, खालून जाणारी पेट्रोलची नळी सोडवून बाजूला घेतली. मी मिस्त्रींच्या हाताखाली. हातात खरवडायची पत्री आणि हातोडी, तोंडाला रुमाल. आई रोज सकाळी शेडात खुर्ची टाकून बसायची, मांडीवर वाकळ. आपल्याला ऐकू कमी येतं असं ती सांगते, पण नको ते तिला बरोबर ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूचं डांबर निघालं. जाड, चिवट, भाकरीएवढे तुकडे. एक तुकडा उलटा केला तर त्याला तागाचे धागे चिकटलेले. डांबरात पोत्याची वीण उमटली होती, उभी-आडवी, स्वच्छ. मिस्त्रींनी तो उजेडात धरला. नखानं खरवडून वास घेतला. "हे बघा. वल्लं पोतं. डांबर फासल्यालं, त्यावर वल्लं पोतं, वर मॅट. पाणी डांबराच्या भेगंतनं खाली गेलं आन् वर यायला वाट न्हाई. वर्षानुवर्सं पत्रा आतल्या आत खाल्ला. त्यात पाणी बी खारं दिसतंय."

आणि माझं डोकं फिरलं. दोन दिवसांचा घाम, पेटलेली गाडी, मावशीचा रोजचा निरोप, सगळं एकदम वर आलं. मी पत्री आपटली. म्हटलं, "कुठल्या गाढवानं गाडीत वली पोती घातली? चांगल्या गाडीची माती केली. कुठं फेडतील ही पापं? अक्कल गहाण टाकली व्हती का?" बरंच बोललो. सगळं इथं लिहिण्यासारखं नाही.

माझं संपल्यावर आई म्हणाली, "मी."

तिनं सुई वाकळेत खोचून ठेवली. "ती पोती मी घालत हुते. उन्हाळ्यात गाडीचा पत्रा तव्यागत तापायचा. आत बसणारी माणसं कोण? बाळंतीण, न्हाईतर तापानं फणफणल्यालं कुणीतरी. सांगलीपतूर दोन-अडीच तास. तुझं वडील म्हणायचे, पायाखाली आग लागती गं माणसांच्या. मग मी सकाळी दोन पोती भिजवून मागं-पुढं हातरायची. प्यायचं पाणी न्हवतं रं ते. प्यायचं कुठनं आणू? टँकरची वाट बघायची आमी. धुण्याचं पाणी राखून ठिवायची, सोड्याचं."

मिस्त्री हळूच म्हणाले, "सोडा. म्हणूनच."

बायको चहा घेऊन आली होती, ती कपबशा हातात घेऊन दारातच थांबली. मग म्हणाली, "मला आठवतंय ते पोतं."

मी तिच्याकडं बघितलं.

"पोरीच्या येळंला. तुमी न्हवता." मी नव्हतोच. तेव्हा मी लांब एका कारखान्याच्या बांधकामावर वेल्डिंगला होतो. मुलगी झाल्याचा निरोप मला तिसऱ्या दिवशी मिळाला. "वैशाखच हुता. मी मागं आडवी, आत्याबाईंच्या मांडीवर डोकं. कळा थांबत न्हवत्या. पाय खाली सोडला तर गार लागलं. मला वाटलं, कुठनंतरी वारं येतंय. सांगली येईस्तवर मी पाय तिथनं उचलला न्हाई." ती कपबशी आईसमोर ठेवत म्हणाली, "आत्याबाई, तुमी सांगितलं न्हाई कधी, तुमी भिजवलं म्हणून."

"त्यात काय सांगायचं," आई म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझी मुलगी आज तीस वर्षांची आहे. तिच्या जन्माची गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल. वडलांनी कशी गाडी दामटली, दवाखान्यापाशी कसं पोचवलं. त्या गोष्टीत वडील होते, गाडी होती, डॉक्टर होते. धुण्याचं पाणी राखून ठेवणारी बाई त्यात नव्हती. मी तिच्यासमोर तिला गाढव म्हणालो होतो. माफी मागायला हवी होती. मला ती मागता येत नाही, कधीच आली नाही. मी पत्री उचलली आणि परत खरवडायला लागलो. डांबराचा तो एक तुकडा मात्र मी कचऱ्यात टाकला नाही. खिडकीत ठेवला.

मग खरं काम सुरू झालं. मिस्त्रींनी जुन्या कॅलेंडरची पानं मागितली. भोकावर पान धरायचं, कडांवरून पेन्सिल फिरवायची, पान कापायचं, पुन्हा बसवून बघायचं, आणि मग ते पान पत्र्यावर ठेवून पत्रा कापायचा. आई पुढं झुकून बघत होती. "झंपराचं माप हाय हे," ती म्हणाली. मिस्त्री म्हणाले, "व्हय आक्का, तेच."

सडलेला पत्रा कापत कापत ते चांगल्या पत्र्यापर्यंत गेले. मी म्हणत होतो, एवढं कशाला, थोडं ठेवा, दिवस जातायत. ते म्हणाले, "कुजक्यावर टाका धरत न्हाई." चार तुकडे झाले, दोन पुढचे, दोन मागचे. पहिले तीन त्यांनी बसवले. चौथा, पुढचा डावा, जिथं आईची काठी गेली होती, तो मी म्हटलं मला करू द्या. त्यांनी सीओटूची गन माझ्या हातात दिली.

पत्रा बसवला, डोळ्यांवर वेल्डिंगची काच घेतली, आणि सवयीनं एका कोपऱ्यातून सरळ निघालो. दोन बोटं गेलो असेन.

"आरं थांब," आई म्हणाली. मशिनच्या आवाजातही ऐकू आलं. "वाकळ शिवताना कुणी एका टोकाकनं टाकं घालत जातंय व्हय? दुसऱ्या टोकाला चुणी पडती. आदी चारी कोपरं धर. मग मधी एक. मग त्येच्या समूर एक. कापडाला कळू द्यायचं न्हाई तू कुठं शिवतोयस त्ये."

मिस्त्री चष्मा काढून हसायला लागले. मला वाटलं मला हसतायत. "आक्का," ते म्हणाले, "हे एवढं वाक्य समजायला मला कारखान्यात दोन वर्सं लागली. माझ्या वस्तादानं शिव्या घालून शिकवलं."

मग मी तसं केलं. चार कोपऱ्यांना चार टाके. मग मधे एक. हात मागं, पत्रा गार होऊ द्यायचा. गार झाला का बघायला मिस्त्री तळहात लावायचे. मग समोर एक. एका टाक्याला लागतो एक क्षण आणि थांबायला लागतात दोन मिनिटं, आणि त्या दोन मिनिटांत मला करण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हा मी आईच्या हाताकडं बघत बसायचो. तीही एक टाका घालायची आणि थांबायची, डोळ्यांनी दमते म्हणून. दुपारपर्यंत पत्रा बसला. फुगला नाही, डबडब वाजला नाही. मी त्यावर उभा राहिलो. नाचलो असतो, पण बायको बघत होती.

ग्राइंडर फिरवून टाके सपाट केले. प्रायमर, सांध्यांना सील, वर काळा रंग. दोन दिवस उन्हात वाळवलं. मिस्त्रींनी जाताना माझ्या छातीवर बोट ठेवून बजावलं, "हिच्या आत पाण्याचा थेंब जाता कामा नये. पाऊस लागला तरी पुसून काढायचं. पुन्ना पोतं दिसलं तर मी यायचा न्हाई." मी म्हटलं, "पोत्याचं नाव काढणार नाही." आणि आयुष्यात पहिल्यांदा एका कारागिराच्या पाया पडलो. ते लाजले आणि मशिन टेम्पोत चढवायला लागले.

फोन अजून रोज येत होता. "आज दोन घोट दूध घेतलं." "आज न्हाई घेतलं." आम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळी निघालो. आई पुढच्या सीटवर माझ्याशेजारी, बायको मागं, वाकळ तिच्या मांडीवर. आईनं बसल्याबरोबर काठी टेकवली, दोनदा ठोकून बघितली. "हाय," म्हणाली.

शेणोली गेली. उलटी नाही. ताकारी, कुंडल, पलूस, उसाची हिरवळ संपत गेली. तासगाव ओलांडलं तेव्हा बारा वाजत आले होते आणि ऊन मरणाचं. वारा येत होता तो भट्टीतला. आई पदरानं तोंड पुसत होती. मी तिच्या पायांकडं बघितलं. सुजले होते, आणि ती एक एक पाय आळीपाळीनं पत्र्यावरून उचलत होती. नवा पत्रा, काळा रंग. तव्यासारखा तापला होता.

मी गाडी थांबवली. रस्त्याकडेला बेदाण्याचं शेड होतं. तिथल्या माणसाकडून एक रिकामं पोतं मागून घेतलं. नळाखाली धरलं, चिंब भिजवलं, पिळलं आणि आणून आईच्या पायाखाली हातरलं. बायकोच्या तोंडाचा आ झाला होता.

"आरं, मिस्त्री काय म्हणंल?" आई म्हणाली.

"म्हणू दे. पाय ठेव."

तिनं चपला काढून दोन्ही पाय पोत्यावर ठेवले आणि डोळे मिटले. मी गाडी चालू केली. मी मनात म्हणत होतो, आई, किती लोकांच्या पायांखाली तू हा गारवा घातलास, आणि मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तिला ते मोठ्यानं म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं, म्हणून इथं लिहितोय.

मावशी सोप्यात खाटेवर होती. एवढीशी झाली होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वळवली. हॉर्न तोच होता, वडलांचा. "गाडी आली," ती म्हणाली, आणि मग सुनेला म्हणाली, "मला तिकडं न्या." सगळे नको नको म्हणत होते. मी तिला उचललं. काहीच वजन नव्हतं. आई अजून गाडीतच होती, ती आत सरकली. पुढच्या रुंद सीटवर दाराकडेला मावशीला तिच्याशेजारी बसवलं, मांडीवर वाकळ टाकली, आणि सुनेनं तिचे पाय खाली सोडले.

पाय पोत्याला लागले. मावशीनं खाली बघितलं, मग आईकडं.

"अजून भिजवतीस व्हय गं?"

"म्या न्हाई," आई म्हणाली. "ह्येनं भिजवलंया."

मावशीनं तिथंच बसून अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मी दार धरून उभा होतो, आणि पोत्यातलं पाणी माझ्या नव्या पत्र्यावर पसरत होतं.